रोजच्या वाटणीत कोण सुटते? बडोद्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळींना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचे पाळक, कमिटीचे सभासद आणि स्त्री मंडळ व तरुण संघ चालवणारे सर्वजण,

प्रभूच्या नावाने नमस्कार.

वार्षिक सभा जवळ आली की नव्या कमिटीत कोण असावे याची बोलणी घरोघरी सुरू होतात. ती पक्की होण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावे, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मला दोन प्रकारच्या माणसांविषयी बोलायचे आहे. पहिली, एकटी राहणारी: अविवाहित, विधवा, विधुर, सोडचिठ्ठी झालेली. दुसरी, भाषा शिकत असलेली. यात नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी इथे आलेले आणि रविवारी गुजराती उपासनेत बसणारे आपले मराठी लोक येतात. तशाच आपल्या घरगुती मराठी प्रार्थनासभांना येणाऱ्या गुजराती सुना आणि डांगकडून शिकायला आलेली मुलेही येतात. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात. इस्पितळात नोकरी लागून आलेली पंचविशीतली मुलगी एकटी असते आणि भाषेलाही नवी असते.

या सगळ्यांकडे आपण एकाच नजरेने पाहतो. ही माणसे अजून पुरती झालेली नाहीत, असे आपण मनात धरून चालतो. एकीचे लग्न व्हायचे आहे, दुसऱ्याची भाषा सुधारायची आहे. ते झाले की मग वचनपाठ देऊ, वर्ग देऊ, कमिटीवर घेऊ. माझे म्हणणे असे, की बाप्तिस्मा झालेला माणूस आज आहे तसा मंडळीचा पूर्ण सभासद आहे आणि त्याला त्याच्या वाट्याचे काम, अधिकार आणि माणसे आजच मिळायला हवीत.

मी स्वतः अविवाहित आहे. नगर जिल्ह्यातून सिस्टरच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथलीच झाले. मंडळीने मला पुष्कळ दिले आहे. आई गेली तेव्हा माझ्याबरोबर रात्रीच्या गाडीत बसलेल्या दोघी मंडळीतल्याच होत्या. त्यामुळे या पत्रात राग शोधू नका. माझ्यामागून आलेल्या मुलींचे जे होताना पाहते, ते मात्र मला गप्प बसू देत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण बहुधा सेवक निवडताना वाचतो. तो अध्याय सुरू होतो एका तक्रारीने. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत शिष्य वाढत होते आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर सुरू केली, कारण रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांना वगळले जात होते. या ओळीवर आपण पुरेसे थांबत नाही. पवित्र आत्मा उतरलेल्या त्या मंडळीत, जिथे कोणाला काही उणे नव्हते असे दोनच अध्याय आधी लिहिले आहे, तिथे सर्वांत आधी सुटले कोण? नवरा नसलेल्या आणि वेगळी भाषा बोलणाऱ्या बायका. वाटणाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे या पुस्तकाचा लेखक लूक म्हणत नाही. ज्याच्या घरी आपले जाणे-येणे आहे त्याची आठवण आधी होते आणि ज्याच्याशी बोलता येत नाही तो राहून जातो. हे आजही असेच घडते.

प्रेषितांनी त्यावर काय केले तेही पाहा. कुरकुर करू नका असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितले. मंडळीने निवडलेल्यांची नावे अशी: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. अंत्युखियाहून आलेला, यहूदी धर्म स्वीकारून मग ख्रिस्ताकडे आलेला, म्हणजे दुहेरी नवखा. ज्या बाजूचे ताट रिकामे राहत होते, त्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाढण्याचे काम दिले गेले. पुढे २१ व्या अध्यायात या सातांपैकी फिलिप्पाच्या घरी पौल उतरतो, तेव्हा लूक आवर्जून नोंदवतो, की त्याला चार अविवाहित मुली होत्या आणि त्या संदेश देत असत. त्यांची लग्ने का राहिली, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे तो विचारला जातो, आणि उपासना संपून चपला घालेपर्यंत तीनतीनदा विचारला जातो. विचारणाऱ्या मावश्यांची माया मला कळते. पण प्रार्थनेच्या विषयांत एखाद्या मुलीचे नाव तिला न विचारता घातले जाते आणि साऱ्या मंडळीसमोर, ‘आमच्या या बहिणीला योग्य जोडीदार मिळो’ अशी मोठ्याने प्रार्थना होते, तेव्हा ती मुलगी पुढच्या रविवारी येत नाही. कोणी घरी जाऊन विचारपूस करत नाही. सर्वांना वाटते ड्यूटी असेल. कोणाला लग्नासाठी प्रार्थना हवी असेल तर ती तोंडाने सांगेल. तोवर तिच्यासाठी तिच्या कामाची, तब्येतीची, गावाकडच्या आईवडिलांची प्रार्थना करता येते. पौल स्वतः एकटा होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो एकटे राहण्याला देवाने दिलेले दान म्हणतो आणि लग्नालाही दानच म्हणतो. आपण दुसऱ्या दानाचे वाढदिवस वेदीपुढे बोलावून साजरे करतो, ते चांगलेच आहे. पहिल्याविषयी मात्र वर्षभरात एक उपदेशही कानी पडत नाही.

कामाच्या वाटपातही हेच दिसते. नाताळची सजावट, सहलीची बस, चहाची भांडी ही कामे एकट्या माणसाकडे आपोआप येतात, कारण ‘तुला घरी कोण आहे?’ एकट्या माणसालाही घर असते. त्याला भाडे भरायचे असते, गॅस संपतो, गावाला पैसे धाडायचे असतात आणि हे सारे एकाच पगारात आणि एकाच जोडी हातांनी होते. मला चहाची भांडी घासायला कमीपणा वाटत नाही. पण ज्या कमिटीत चहाचा खर्च मंजूर होतो तिथे आमच्यातले कोणी बसलेले नसते. अनेक ठिकाणी सभासदांच्या वह्या अजून कुटुंबप्रमुखाच्या नावाने चालतात. एकटी बाई त्या वहीत कुठे जाणार? कोणाच्या तरी नावाखाली ‘इतर’ म्हणून? तिचे नाव स्वतंत्र कुटुंब म्हणून लिहा. पाळकांच्या घरभेटीची यादी याच वहीवरून निघते, म्हणून हे महत्त्वाचे.

अविवाहित पुरुषांविषयीही लिहायला हवे, कारण त्यांची बाजू कोणी मांडत नाही. चाळिशीतल्या एकट्या भावाला शब्बाथ शाळेचा वर्ग द्यायला आपण कचरतो, आणि लग्न झालेल्याला काही न विचारता देतो. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडकच हवेत: वर्गात नेहमी दोन मोठी माणसे, दार उघडे, एकट्या मुलाला कोणी घरी न्यायचे नाही. पण ते नियम सर्वांना सारखे लावा. मंगळसूत्र किंवा लग्नाची अंगठी हा कोणाच्या चारित्र्याचा दाखला होऊ शकत नाही, हे इस्पितळात काम करणारी कोणतीही सिस्टर तुम्हाला सांगेल.

इस्पितळाचाच विषय निघाला आहे तर तिथले थोडे सविस्तर सांगते. भरती करताना अर्जात एक रकाना असतो: जवळचे नातेवाईक. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची सही चालते, पण रात्री दोन वाजता औषध आणायला, रक्ताची सोय करायला, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून लक्षात ठेवायला माणूस लागतोच. एकटी माणसे त्या रकान्यात दोनशे कोस दूरच्या भावाचा नंबर लिहितात. भाषेला नवखी असेल तर आणखी कठीण. पोटात कुठे दुखते, कधीपासून दुखते, कळ येते की जळजळते, हे परक्या भाषेत सांगताना चांगली शिकलेली माणसेही गप्प होतात. तिथे मराठी आणि गुजराती दोन्ही येणारा कोणी शेजारी उभा राहिला तर अर्धे दुखणे हलके होते. मंडळीने प्रत्येक एकट्या सभासदाला विचारून दोन नावे ठरवून ठेवावीत: अडीअडचणीला मध्यरात्री कोणाला बोलवायचे. ती नावे त्या माणसाने स्वतः निवडावीत आणि त्याच्या घरच्यांनाही कळवावीत. इतके झाले तरी त्या रकान्यात लिहायला आमच्याकडे इथलाच एक नंबर असेल.

दुसरी गोष्ट घराची. आपल्या शहरात भाड्याने घर शोधणारी एकटी बाई, त्यात मांसमच्छी खाणारी, त्यात ख्रिस्ती, म्हणजे किती दारांवरून परत येते ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांचे इथे दोन पिढ्यांचे बस्तान आहे, ज्यांच्या ओळखी आहेत, त्यांनी तिच्याबरोबर घरमालकाकडे जावे आणि ‘ही आमच्या मंडळीतली, आम्ही हिला ओळखतो’ एवढे सांगावे. एवढ्याने पुष्कळ काम होते. मी होताना पाहिले आहे.

आता भाषेकडे वळते.

बडोदे हे दोन भाषांत वाढलेले गाव आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, अक्षरओळख नसलेला बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ साली इथे दत्तक आला, आणि त्याला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा बरोबरच शिकायला बसवले. तेच पुढे महाराज सयाजीराव. १९०६ मध्ये त्यांनी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मोठे झालेले माणूससुद्धा नवी भाषा शिकू शकते, फक्त शिकवणाऱ्याकडे धीर हवा, हे ज्या शहराने पाहिले आहे, त्या शहरातल्या मंडळीने नवख्याला उगाच खाली पाहायला लावू नये.

मराठी माणसाला गुजराती लिपी फार अवघड नाही. शिरोरेघ मनातून काढून टाकली की ग, म, न, प, त ओळखू येतात. अडते ते क, ख, ज, झ, फ, ब यांपाशी. आकड्यांत पाच अगदी प सारखा दिसतो, त्यामुळे गीताचा क्रमांक शोधताना नवखा माणूस अडखळतो आणि तोवर पहिले कडवे संपलेले असते. गुजरातीतही आपल्यासारखी तीन लिंगे आहेत, पण प्रत्येक शब्दाचे लिंग आपल्या मराठीशी जुळेलच असे नाही; म्हणून बोलताना चुका होतात आणि होत राहतील. गीताचा आणि वचनाचा क्रमांक सावकाश, दोनदा आणि दोन्ही भाषांत सांगायला अर्धे मिनिट लागते. पुढच्या रविवारचे वचन कोणते, हे आदल्या आठवड्यात कळले तर नवखा माणूस ते घरी आपल्या भाषेत वाचून येतो आणि उपदेश त्याला निम्म्याहून अधिक कळतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हटली तरी चालते. सूर थोडा पुढेमागे होईल, होऊ द्या.

शिकणाऱ्याशी बोलताना आपल्या दोन सवयी मला फार खुपतात. पहिली, तो दोन वाक्ये गुजरातीत बोलतो न बोलतो तोच आपण हिंदीवर जातो. आपल्याला वाटते त्याची सोय केली. त्याला कळते ते एवढेच, की याला माझे ऐकायला वेळ नाही. दुसरी सवय हसण्याची. प्रार्थनेत चुकीचा शब्द निघाला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. प्रार्थना करणारा माणूस डोळे मिटून देवाशी बोलत असतो, त्याला त्या हसण्याचा आवाज नीट ऐकू येतो. मग तो पुन्हा कधी मोठ्याने प्रार्थना करत नाही. पेत्राचे गालीली बोलणे महायाजकाच्या वाड्यातल्या लोकांनी ओळखले आणि त्यावरून त्याला घेरले, हे मत्तयाने २६ व्या अध्यायात लिहिले आहे. तोच पेत्र, त्याच बोलीसह, पन्नासाव्या दिवशी सर्वांपुढे उभा राहिला आणि मंडळीने त्याचे ऐकले. चूक सांगायची असेल तर ती नंतर, एकट्याला, आणि एका वेळी एकच सांगा. आणि साधा वचनपाठ केल्याबद्दल टाळ्याही नकोत. लहान मुलासारखे कौतुक झाले की मोठा माणूस लाजतो.

काही जण म्हणतील, उपासना ही देवाची आहे, तिथे वाचन शुद्धच हवे. लोकांना समजले पाहिजे, असे पौलानेच करिंथकरांना १४ व्या अध्यायात बजावले आहे. हे म्हणणे मी हलके समजत नाही. अडखळत वाचलेले वचन म्हाताऱ्या माणसांच्या कानी नीट पडत नाही, हे खरे आहे. म्हणून तयारीशिवाय कोणाला उभे करू नका. पंधरा दिवस आधी पाठ द्या, एखाद्या आजीबरोबर तो चार वेळा वाचून घ्या, लहान उतारा निवडा. पण तो अध्याय नवख्याला बाकावर बसवून ठेवण्यासाठी वापरू नका. समजले पाहिजे ही पौलाची अट बोलणाऱ्यावर आहे, आणि आपल्या सभेत बहुतेक वेळा बोलणारे आपणच असतो. भरभर, म्हणी पेरत, अर्धे वाक्य गुजरातीत आणि अर्धे मराठीत बोलणारे. बाहेरून आलेल्याने आमेन कसे म्हणावे, असे पौल तिथेच विचारतो.

आपली मराठी ख्रिस्ती परंपरा कोणी उभी केली तेही आठवा. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्याला आले, जेज्विट असल्याने आयुष्यभर अविवाहित राहिले, आणि परक्या भाषेत इतके रमले, की १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले. सिंथिया फरार या अविवाहित बाई अमेरिकेहून १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि पुढे नगरला आल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची त्यांची शाळा पाहिली होती. १८६२ साली त्या नगरमध्येच वारल्या. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळे त्या जिल्ह्यात आहेत. आपल्या पणज्या अक्षर शिकल्या त्या अशाच कोणा एकट्या, परभाषेतून आलेल्या बाईच्या खटपटीमुळे. पंडिता रमाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषा नव्याने शिकल्या. त्यांची मुलगी मनोरमा अविवाहित राहून आईच्या कामात शेवटपर्यंत खपली. यांपैकी कोणी आज आपल्या मंडळीत आले तर आपण त्यांना कोणते काम देऊ? हा प्रश्न कमिटीने एकदा मोकळेपणाने एकमेकांना विचारावा, असे मला मनापासून वाटते.

या वार्षिक सभेसाठी माझी विनंती अशी. नव्या कमिटीत निदान एक एकटा राहणारा सभासद आणि निदान एक भाषेला नवा सभासद असावा, आणि त्यांना मताचा पूर्ण अधिकार असावा. बैठकीत बोललेले त्यांना समजते आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी अध्यक्षांनी घ्यावी. सभासदांच्या वहीत एकट्या माणसाचे नाव स्वतंत्र कुटुंब म्हणून नोंदवावे. अडीअडचणीच्या दोन नावांची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे द्या, मी करीन. गुजराती अक्षरे शिकवायलाही मी तयार आहे. शनिवारी संध्याकाळी ड्यूटी नसेल तेव्हा माझ्या घरी या. मराठी शिकू पाहणाऱ्या गुजराती भगिनींसाठी मात्र दुसऱ्या कोणीतरी पुढे यावे, माझ्या एकटीच्याने दोन्ही होणार नाही. ज्या आजींना जुनी मराठी गीते पाठ आहेत, त्यांनी हे काम घेतले तर फार बरे.

आणि ज्या मुली येईनाशा झाल्या आहेत, त्यांच्याकडे पाळकसाहेबांनी या महिन्यातच जावे. फोन नको, प्रत्यक्ष जावे. नावे आणि पत्ते मी उपासनेनंतर देते.

प्रभूमध्ये आपली बहीण,
मंडळीतली एक सभासद
बडोदे